यंत्राची डुलकी

यंत्र कामाला लागले की वाजते आणि थांबले की गप्प होते, हा नियम आम्ही बालपणी कानांनीच शिकलो. पांढुर्ण्यात कापसाच्या हंगामात जिनिंगची घरघर दूरवर ऐकू येई आणि ती बंद पडली म्हणजे पाळी सुटली असे घरातील बायका समजत. पिठाची गिरणी, विहिरीवरचे ऑइल इंजिन, नागपूर–इटारसी मार्गावरून रात्रभर जाणाऱ्या मालगाड्या, सौंसरवरून छिंदवाड्याकडे धापा टाकीत जाणारी नॅरो गेजची छोटी गाडी (ती २०१५ साली थांबली, आता तेथे मोठा रूळ आहे), ही सारी त्याच नियमाची उदाहरणे. आवाज म्हणजे श्रम, शांतता म्हणजे विश्रांती. शासकीय कचेरीत हा नियम नेहमीच लागू पडत असे असे आम्ही म्हणणार नाही. पण तो विषय निराळा.

या नियमास छेद देणारे यंत्र आम्हांस पासष्टी ओलांडल्यावर भेटले. ते म्हणजे लॅपटॉप. त्यावर नातवाचे एखादे जड काम जोरात चालू असले तर तो जवळजवळ मुका असे. उलट कोणी त्याच्याकडे फारसे काही मागत नसले की, सदैव नव्हे पण पुष्कळदा, त्याच्या पोटातून एक बारीक, न थांबणारी शीळ निघू लागे. तो पंख्याचा आवाज नव्हे. पंखा तर त्या वेळी फिरतही नसे. कळफलकाच्या वरच्या अंगास कान नेला म्हणजे शीळ अधिक स्पष्ट होई. एरवी आम्ही तिकडे लक्षही दिले नसते. दिवसा घरात टीव्ही चालू असतो, रस्त्यावर संत्र्याच्या पेट्यांनी भरलेल्या गाड्या असतात. त्यात असल्या शिळेला कोण विचारतो? परंतु ज्या कामासाठी ते यंत्र आम्ही घेतले, नेमकी त्याच कामात ती आडवी आली, म्हणून हा लेखनप्रपंच.

ते काम असे. या पत्रिकेचे इंदूर, ग्वाल्हेर, देवास, धार येथील वाचक आपल्या घराण्याची कथा सांगू लागले म्हणजे शिंदे, होळकर, पवार यांच्याबरोबर पूर्वज उत्तरेस आले, येथून आरंभ करतात. सौंसर-पांढुर्ण्याच्या आम्हा लोकांची कथा काहीशी वेगळी. आमच्यातील काही घराणी नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत येथे वसली, काही त्याहूनही जुनी आहेत. पण राजधानी सर्वांची नागपूर हीच होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली, नागपूर पलीकडे गेले आणि आम्ही आपल्या ओसरीवर बसल्या जागी परप्रांतातील मराठी झालो. पुढे शाळा हिंदी, कचेरी हिंदी, आमची स्वतःची बत्तीस वर्षांची सेवाही हिंदी नस्त्यांतच सरली. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा व सौंसर या दोन तहसिली मिळून स्वतंत्र जिल्हा झाला, याचा आनंद आहेच. पण जिल्हा झाल्याने आजीची भाषा नातीकडे जात नाही. ती भाषा आता मुख्यतः ऐंशीच्या घरातील बायकांच्या तोंडी उरली आहे आणि तिचा सर्वांत जुना साठा म्हणजे त्यांच्या जात्यावरच्या ओव्या.

महाराष्ट्रात हेमा राइरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी १९८० नंतरच्या काळात खेडोपाडी हिंडून अशा ओव्या गोळा करण्याचे केवढे मोठे काम उभे केले, हे अनेकांस ठाऊक असेल. एक लाखाहून अधिक ओव्यांचा तो संग्रह आहे. बर्नार्ड बेल यांनी पुढे त्यात ध्वनिमुद्रणाची बाजू सांभाळली. त्या डोंगराशेजारी आमचे काम म्हणजे मुंगीचे वारूळ. आमच्या आप्तांतील सात-आठ वृद्ध स्त्रिया, त्यांची स्मरणे आणि आमची दुपार, एवढेच भांडवल. कागदावर लिहून घेणे आधी केले होते. पण ओवी लिहिली की तिच्यातील निम्मे निघून जाते. हेल जातो, शब्दाशब्दामधला श्वास जातो, आठवण शोधताना काढलेला हुंकार जातो. म्हणून ध्वनिमुद्रण करावयाचे ठरले. मोबाइलवर का नाही, असे कोणी विचारील. आमचा मोबाइल आवाज स्वतःच्या बुद्धीने ‘साफ’ करतो. त्या सफाईत हुंकारालाच तो केर समजतो. तेव्हा एक बरासा मायक्रोफोन आणि लॅपटॉप, अशी जुळणी केली.

पहिली बैठक सौंसरला आमच्या काकूंकडे झाली. काकूंचे वय सत्त्याऐंशी, कान तीक्ष्ण. माघाची दुपार होती, गल्ली शांत होती. जाते आता घरात नाही, त्यामुळे त्यांनी पितळेची परात पुढ्यात घेतली आणि तिच्या काठावर हात फिरवीत त्या गाऊ लागल्या. हात फिरल्यावाचून त्यांना ओवी सुचतच नाही. दोन ओव्या झाल्या, तिसरीच्या आधी त्या थांबल्या आणि यंत्राकडे पाहून म्हणाल्या, “बाबू, तुह्या या डब्यात रातकिडा शिरला काय रे? कवापासून किरकिरून राह्यला.”

आम्ही सांगितले की ते यंत्रच तसे आहे. त्यांनी मान हलविली आणि पुढे गायल्या. घरी येऊन कानांस यंत्र लावून ऐकले, तेव्हा गाताना तो रातकिडा फारसा जाणवेना. परंतु काकू जेथे जेथे थांबल्या होत्या, तेथे तेथे तो अगदी पुढे येऊन बसला होता. आणि आम्हांस हवे होते ते नेमके ते थांबणेच.

आवाजाचा माग काढताना प्रथम जवळच्या ओळखीचे आवाज बाजूला सारले. वस्तीतील डीपी गुणगुणते हे सर्वांच्या परिचयाचे आहे. आपल्या विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने घेतो. प्रत्येक आवर्तनात रोहित्राचा लोखंडी गाभा दोनदा किंचित ताणला जाऊन पूर्ववत होतो, म्हणून गुणगुण १०० कंपनांची निघते. चुंबकत्वाने लोखंड सूक्ष्म प्रमाणात लांबते हे इंग्लंडच्या जूल या शास्त्रज्ञाने १८४२ साली दाखविले होते. जुन्या ट्यूबलाइटचा चोक त्याच कारणाने घुमत असे. परंतु ही गुणगुण खर्जातली. आमच्या डब्यातील किडा बराच वरच्या सुरात होता. शिवाय लॅपटॉपची वायर काढून तो बॅटरीवर चालविला तरी शीळ कायम. म्हणजे घरातील विजेचा हा अपराध नव्हे.

सूर कोणता, हे पाहण्यासाठी शेजारच्या भजनी मंडळाची पेटी मागवून घेतली. पांढरी एक हा षड्ज धरला, तर आमच्या यंत्राची शीळ तार सप्तकातील निषादापेक्षा अगदी थोडी चढी लागे. जेमतेम एखाद्या श्रुतीइतकी. हिशेब केला तर पेटीचा तो निषाद सेकंदाला सुमारे ९८८ कंपनांचा येतो. म्हणजे शीळ एक हजाराच्या आसपास. ही पेटीवरची खटपट पाहून आमच्या सौभाग्यवतींनी सेवानिवृत्तांच्या उद्योगांविषयी काही उद्गार काढले, ते येथे देण्याचे कारण नाही. मात्र आम्हांस धीर देणारे पूर्वज आहेत. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल डेप्युटी कलेक्टरीतून निवृत्त झाल्यावर बावीस श्रुतींच्या मोजमापास लागले, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातले स्वर त्यांनी तपासले आणि १९१० साली त्यावर इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच साली चंद्रशेखर वेंकट रामन हे वित्त खात्याचे तरुण अधिकारी म्हणून नागपुरास होते. त्यांचे आरंभीचे पुष्कळसे संशोधन कंप पावणाऱ्या तारांवरच आहे, आणि नोकरी सोडल्यावर त्यांनी तबला-मृदंगाच्या व तंबोऱ्याच्या नादावर लिहिले. सरकारी माणसास कान नसतात, हा समज त्यामुळे तरी दूर व्हावा.

एक हजार हा आकडा हाती आला आणि पुढील उलगडा सुलभ झाला. त्यात अभियांत्रिकी शिकणाऱ्या नातवाचे साहाय्य आहे. पण त्याची भाषा आम्हांस आमच्या भाषेत आणावी लागली, ती अशी.

लॅपटॉपचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. त्याला सुमारे एका व्होल्टच्या दाबाने, पण पुष्कळ प्रमाणात वीज लागते. बॅटरी किंवा अडॅप्टर देतात त्याच्या दहा-वीस पट दाब. हा दाब उतरविण्यासाठी प्रोसेसरच्या शेजारीच छोट्या छोट्या गुंडाळ्या आणि चिनी मातीच्या जातीच्या पदार्थाचे कपॅसिटर बसविलेले असतात. उतरविण्याचे हे काम सेकंदाला लक्षावधी वेळा उघडझाप करून होते. माणसाचा कान साधारण २० पासून २०,००० कंपनांपर्यंतच ऐकतो, त्यामुळे ती उघडझाप आपल्याला कळत नाही. येथवर सारे शांत.

आता प्रोसेसरची राहणी पाहा. त्याला काम नसले म्हणजे तो जागा राहून वीज खात नाही; तो झोपतो. या झोपेच्या पायऱ्या आहेत. १९९६ साली इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून यंत्राच्या वीजबचतीची एक संहिता केली, तीत या पायऱ्यांना सी-१, सी-२, सी-३ अशी नावे आहेत. सी-१ म्हणजे बसल्या जागी डोळे मिटणे. सी-३ म्हणजे आडवे होणे. त्याखालच्या पायऱ्यांत तर विजेचा दाबच उतरवून टाकतात, म्हणजे दिवा मालवून पांघरूण ओढल्यासारखे. २०१३ नंतरच्या लॅपटॉपांत या पायऱ्या सी-१० पर्यंत खाली गेल्या आहेत. बॅटरी पूर्वीपेक्षा अधिक तास पुरते, त्याचे पुष्कळसे श्रेय या गाढ झोपेस आहे.

परंतु ही झोप सलग नसते. यंत्रात एक घड्याळ आहे आणि ते ठराविक अंतराने प्रोसेसरला हाक मारते की ऊठ, काही काम आले आहे का पाहा. तो उठतो, पाहतो, काही नसते, पुन्हा झोपतो. विंडोज प्रणालीत ही हाक एरवी सेकंदाला ६४ वेळा येते. पण ध्वनी किंवा चित्रफीत हाताळणारे पुष्कळसे कार्यक्रम घड्याळास विनंती करतात की आम्हांस बारीक मोजणी हवी. मग हाक सेकंदाला एक हजार वेळा येऊ लागते. आमचा ध्वनिमुद्रणाचा कार्यक्रम त्यांपैकीच. म्हणजे तो उघडला रे उघडला की प्रोसेसर सेकंदाला हजार डुलक्या घेऊ लागे आणि हजार वेळा दचकून जागा होई. प्रत्येक जागेपणी गुंडाळीतून विजेचा लोंढा येई, प्रत्येक डुलकीत तो ओसरे. लोंढ्याच्या त्या चढउताराने गुंडाळी थरथरे; कपॅसिटरांचा पदार्थ विजेच्या दाबाने सूक्ष्मसा फुगे आणि आकसे. ज्या तक्त्यावर हे सारे डाखलेले असते तो तक्ता तंबोऱ्याच्या भोपळ्याचे काम करी. मिरजेचे कारागीर जे जवारीने आणि भोपळ्याने साधतात, ते येथे कोणाच्या मनात नसताना साधले गेले. एक हजाराचा सूर लागे आणि त्याच्या बरोबर त्याचे दुप्पट-तिप्पट स्वरही.

शीळ कधी असे आणि कधी नसे, याचेही उत्तर यातच आले. यंत्र खरोखर कामात असले तर झोपतच नसे, म्हणून शांत. अगदी रिकामे असले तर हाका थोड्या, म्हणून शीळ आम्हांस ऐकू येण्याजोगी नसे. मधल्या अवस्थेत, म्हणजे काम नावापुरते आणि हाका मात्र हजार, तेव्हा ते गात असे. पुढे बसलेल्या काकू आठवण शोधीत थांबलेल्या आणि यंत्र त्यांच्यासमोर हजार डुलक्या घेत बसलेले, असे ते दृश्य होते म्हणावयाचे.

ही गोष्ट आमच्याच डब्यापुरती नाही. लिनक्स या मुक्त प्रणालीच्या कर्त्यांनी २००३ अखेरच्या आवृत्तीत घड्याळाची हाक सेकंदाला १०० वरून १००० वर नेली होती. २००५ साली ती सर्वसाधारण वापरासाठी २५० वर आणली, आणि २००७ पासून रिकाम्या प्रोसेसरला उगाच उठवू नये अशी सोय केली. त्या दशकातील पुष्कळ लॅपटॉपांत एक गंमत आढळे. यूएसबीचा माउस जोडला की शीळ बंद! जोडलेला माउस यंत्राच्या स्मृतीशी सारखी ये-जा करीत राही, त्यामुळे प्रोसेसरला सी-३ पर्यंत आडवे होता येत नसे. दारी पाहुणा बसला असता यजमानाने पांघरूण ओढू नये, तसे. पुढे यूएसबीची रचना बदलली, तेव्हा हा उपायही गेला. आम्ही तो करून पाहिला. किडा बधला नाही.

मग सेटिंगकडे वळलो. प्रथम प्रत्येक मूळ आकडा वहीत टिपून घेतला. बदलापूर्वीची स्थिती नोंदविल्यावाचून बदल करावयाचा नाही, ही महसुली सवय येथे कामी आली. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘पॉवर ऑप्शन्स’ म्हणून एक दालन आहे. त्याच्या आतल्या खोलीत प्रोसेसरची किमान स्थिती ५ टक्के लिहिली होती, ती १०० केली. शीळ किंचित मंदावली, सूर मात्र तसूभर हलला नाही. नातवाने सांगितले, “आबाजी, हे जागेपणीचा वेग ठरवते. झोप किती गाढ घ्यायची, ते वेगळं आहे.” झोपेची किल्ली त्याहून आत निघाली. यंत्र सुरू होताना विंडोज येण्यापूर्वी एक निळसर पडदा उघडता येतो, त्याला बायोस म्हणतात; आमच्या यंत्रात तेथे ‘सी-स्टेट्स’ या नावाचा एक चौकोन होता आणि त्यात खूण होती. खूण काढली. (सर्वच यंत्रांत हा चौकोन दिसत नाही. विंडोजमध्येही झोप बंद करण्याची एक सोय आहे, पण ती दडवून ठेवलेली असते आणि आज्ञा लिहून बाहेर काढावी लागते. ज्यांच्या घरी नातू नाही त्यांनी जपून.)

यंत्र पुन्हा सुरू केले, ध्वनिमुद्रणाचा कार्यक्रम उघडला, कान लावला. काही नाही. पेटीवरचा निषाद वाजवून पुन्हा कान लावला, की आपलेच कान फसवीत नसावेत. पासष्टीनंतर माणसाचे वरचे स्वर कमी ऐकू येतात हे खरे. पण हजाराचा सूर काही तेवढा वरचा नव्हे. नातवानेही ऐकले. किडा गेला होता.

दहा मिनिटांनी पंखा सुरू झाला.

झोप बंद केली की प्रोसेसर रिकामा असतानाही जागा राहतो, जागा राहिला की तापतो आणि तापला की पंखा आला. शिळेऐवजी आता फूत्कार. येथे आम्ही पुष्कळ वेळ अडखळलो. शेवटी जे जमले ते असे की, किमान स्थिती पुन्हा ५ वर आणली आणि कमाल स्थिती १०० होती ती ५० केली. म्हणजे प्रोसेसरला झोपू द्यावयाचे नाही, पण धावूही द्यावयाचे नाही. निम्म्या चालीने जागत बसावयाचे. ओवी टिपून घेण्यास तेवढी चाल पुरून उरते. त्या चालीला विजेचा दाब कमी लागतो, उष्णता कमी होते आणि हिवाळ्याच्या दुपारी तरी पंखा उठत नाही. उन्हाळ्यात काय होते ते आम्ही पाहिलेले नाही. सौंसरच्या वैशाखात काकूंना गावयास सांगणेच बरे नव्हे.

एक गोष्ट सांगितली पाहिजे. ही शीळ म्हणजे यंत्राचा आजार नव्हे. गुंडाळी वाजते म्हणून ती लवकर जळते असे नाही. वर्षानुवर्षे वाजत राहूनही यंत्र चालते. कारखान्यात गुंडाळ्यांवर राळेसारखा लेप घातला किंवा कपॅसिटरांची मांडणी विचारपूर्वक केली तर आवाज पुष्कळ कमी होतो, पण त्याला खर्च आहे. बॅटरी किती तास टिकते हा आकडा जाहिरातीत छापतात; शांतता किती, हा आकडा कोणी छापीत नाही. जे मोजले जाते त्याची काळजी घेतली जाते, हे आम्ही सेवाकाळात पुरेसे पाहिले आहे. एकदा एका कचेरीत डिझेलच्या काटकसरीचे परिपत्रक आले. जीपगाडीचा चालक मोठा आज्ञाधारक. अर्ध्या मिनिटाच्या थांब्यालाही तो इंजिन बंद करी आणि पुन्हा सुरू करी. लॉगबुकातील डिझेलचा रकाना सुधारला. बॅटरी आणि स्टार्टर यांचा रकाना निराळा होता आणि तो निराळ्या बाबूकडे होता. काटकसरीला आमचा विरोध नाही, आमचे सारे आयुष्य तीतच गेले. परंतु तिची किंमत कोणत्या रकान्यात पडते हे पाहावे, एवढेच. आमच्या यंत्रातील काटकसरीची किंमत काकूंच्या श्वासांच्या रकान्यात पडत होती.

आता त्या पहिल्या बैठकीचे काय, हा प्रश्न उरला. ध्वनिमुद्रणातून नेमका एक स्वर कापून काढण्याची सोय कार्यक्रमांत असते. नातवाने एक हजाराचा स्वर कापला, मग दोन हजाराचा, मग तीन हजाराचा. किडा मेला, पण काकूंचा आवाजही टिनाच्या डब्यातून आल्यासारखा झाला. बाईच्या आवाजातील धार त्याच स्वरांच्या प्रदेशात राहते. ‘आ’ बोथटला, आणि ‘स’ आणि ‘श’ यांत फरक राहिला नाही. दुसरा मार्ग म्हणजे जेथे काकू गप्प आहेत तेथे आवाज शून्य करणे. ते करून ऐकले आणि लगेच रद्द केले. शून्य म्हणजे शांतता नव्हे. तेथे परातीवरचा हात नव्हता, दूरवरचे कबुतर नव्हते, काकूही नव्हत्या. त्या दर ओळीला एकदा नाहीशा होऊन पुन्हा प्रकट होत होत्या.

दुसरी बैठक पंधरा दिवसांनी झाली, त्याच खोलीत, त्याच परातीपुढे. यंत्र लाकडी टेबलावर न ठेवता चौघडी गोधडीवर ठेवले, कारण टेबल उरलासुरला कंप उचलते. मायक्रोफोनची वायर अडॅप्टरपासून दूर नेली आणि मुद्रणापुरता अडॅप्टर काढूनच ठेवला. काकूंनी आधी यंत्राकडे कान केला. “मेला वाटते,” म्हणाल्या, आणि गाऊ लागल्या. हे मुद्रण स्वच्छ आहे. थांबण्यात त्यांचा श्वास ऐकू येतो, बांगडी परातीला लागलेली ऐकू येते, एके ठिकाणी त्या स्वतःशीच एक शब्द पुटपुटून बदलतात तोही ऐकू येतो. परंतु पहिल्या बैठकीत गायलेली भावाच्या वाटेकडे डोळे लावून बसल्याची जी ओवी होती, ती त्यांनी गायली नाही. आम्ही आठवण दिली. त्यांनी ती म्हटली, पण दुसरीच. आरंभ तोच आणि शेवट निराळा. पहिली कशी होती हे विचारले तर म्हणाल्या, “असंच होतं वो ते. जात्यावर आलं ते आलं.” ओवी पाठ नसते, ती त्या त्या वेळी घडते, हे आम्ही वाचले होते. त्या दिवशी ते समोर पाहिले.

म्हणून पहिली ध्वनिफीत आम्ही जशीच्या तशी ठेवली आहे, किड्यासकट आणि काकूंच्या त्या प्रश्नासकट. दुसरीच्या शेजारी तिलाही क्रमांक दिला आहे, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिले आहे की हजार कंपनांचा अखंड स्वर यंत्राचा आहे, गायिकेचा नव्हे. पन्नास वर्षांनी एखाद्या अभ्यासकास तो साथीच्या तंबोऱ्यासारखा वाटू नये. दोन प्रती केल्या. एक पांढुर्ण्यात आमच्याकडे, एक नागपुरास पुतणीकडे.

या हिवाळ्यात पांढुर्ण्यातील आणखी तिघींकडे जावयाचे आहे. सेटिंगचा कागद यंत्राच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवला आहे: बैठकीपूर्वी काय करावयाचे आणि घरी आल्यावर काय पूर्ववत करावयाचे. पूर्ववत केले नाही तर नातू रागावतो, कारण झोप बंद असता जी बॅटरी एरवी चार तास चाले ती अडीच तासांत उतरते. आमची तक्रार नाही. काकू एका बैठकीत तासाहून अधिक बसत नाहीत.